माती तपासायला घरचं किट की लॅब? ठाण्यातल्या जुन्या बिल्डिंगवाल्यांसाठी

नुसत्या कुंड्या सांभाळायच्या असतील तर किट घ्या, पुरतं. पण नौपाडा-पाचपाखाडीकडे जुन्या बिल्डिंगखालच्या वाफ्यात पालक-मेथी लावायची असेल तर जरा थांबा. आमच्याकडे ग्रिलचा जुना ऑइल पेंट खरवडला तेव्हा सगळा भुगा खाली वाफ्यातच पडला, आणि घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झालाय, मग त्याआधीच्या रंगाचा काय भरवसा धरणार.

मी दोन्ही करून बघितलं. किटमध्ये पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्क ते, लगेच कळतो, हे मान्य. पण नर्सरीवाले जी लाल माती देतात ना, ती पाण्यात ढवळली की खाली बसतच नाही, कितीही वेळ ठेवा, वरचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूसच, आणि त्याच पाण्यात थेंब टाकून रंग कार्डाशी जुळवायचा! खिडकीत धरलं तर 6 वाटतो, ट्यूबलाइटखाली 7. आता पीएच वाढवायला चुना टाकायचा की नाही ते ह्याच आकड्यावर ठरतं हो. पीएच साडेसहाच्या वर असला की शिसं मातीला धरून राहतं, झाड कमी ओढतं, पण चुना जास्त झाला तर लोह-जस्त मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात, नुसत्या शिरा हिरव्या. अंदाजाने कसा टाकणार? (मातीवरच थेंब टाकून वर पांढरी पावडर भुरभुरून रंग बघायची किटंही असतात, त्यात हा त्रास बराच कमी.)

लॅबचा वैताग वेगळा. फॉर्मवर शेतजमिनीचा गट नंबर विचारतात, रिपोर्टची वाट बघा, आणि मृदा आरोग्य पत्रिकेत (सरकारी माती-तपासणीचा रिपोर्ट) 12 गोष्टी येतात त्यात शिसं नाहीच, हेवी मेटल (शिशासारखे जड धातू) वेगळं सांगून, वेगळे पैसे भरून करून घ्यावं लागतं. तरी मला विचाराल तर लॅबच. साध्या किटमध्ये शिसं कळतच नाही, आणि स्फुरद (फॉस्फरस) नेमकं किती ते समजलं की बोनमील (हाडांचा चुरा) टाकायचं का तेही ठरवता येतं. स्फुरद शिशाला बांधून ठेवतं, म्हणजे शिसं जात नाही, मातीतच राहतं, पण सहज विरघळत नाही. कंपोस्टचाही त्याला हातभार लागतो.

नमुना घेताना गंजकी खुरपी नको, वाफ्यात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोलीपर्यंतची माती घेऊन एकत्र करा, सावलीत वाळवा, अर्धा किलो पुरे. रिपोर्ट येईपर्यंत त्या वाफ्यात पालेभाजी, मुळा, गाजर लावू नका, त्यातल्या त्यात टोमॅटो-भेंडी बरी, फळात शिसं कमी उतरतं. तीही नीट धुऊनच घ्या, वर बसलेली धूळ जास्त त्रासाची असते.