फ्रेंच-जर्मन पीएचडी, पगारासकट: दीड वर्ष काढल्यावर

आधी पैशाचं बोलते, कारण पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषा शिकणाऱ्या ज्युनिअर मुली पहिला प्रश्न तोच विचारतात. माझी पीएचडी पॅरिसमधलं एक आणि जर्मनीतलं एक अशा दोन विद्यापीठांत मिळून चालू आहे. ह्या व्यवस्थेला 'कोत्युतेल' म्हणतात. गाइड दोन, नोंदणी दोन्हीकडे, पण प्रबंध एकच आणि तोंडी परीक्षाही एकदाच. पगार फ्रेंच बाजू देते. तीन वर्षांचा डॉक्टरल करार असतो. ही फेलोशिप नाही, चक्क नोकरी आहे. २०२५ मध्ये किमान पगार महिना २,२०० युरो होता, २०२६ पासून २,३००. कापाकापी होऊन हातात त्याच्या साधारण ऐंशी टक्के पडतात. पण जे कापलं जातं त्यात आरोग्य विमा आहे, पेन्शन आहे, आणि करार संपल्यावर काम मिळालं नाही तर बेकारी भत्ताही आहे. रोजच्या प्रवासाच्या नाविगो पासाचे ७५ टक्के परत मिळतात. वर्षाला ६४ तासांपर्यंत शिकवलं तर त्याचे पैसे वेगळे. तरी पॅरिसचं भाडं भरल्यावर चैन होते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

जर्मनीतल्या सारब्रुकनच्या 'फ्रेंच-जर्मन विद्यापीठा'चं नाव ऐकून पुष्कळजण गोंधळतात. तिथे वर्ग भरत नाहीत. फ्रान्स आणि जर्मनीतल्या १९९७ च्या वायमार करारातून निघालेली ही संस्था आहे, दोन्ही सरकारं तिचा खर्च निम्मा-निम्मा उचलतात. कोत्युतेलवाल्यांना ती जाण्यायेण्याचे आणि राहण्याचे पैसे देते. पगार देत नाही. पगाराची सोय आधी करा, मग तिच्याकडे जा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते. माझा विषय १९४५ नंतर जर्मनीच्या फ्रेंच ताब्यातल्या भागातलं शिक्षणाचं धोरण. लष्करी सरकारचं ठाणं बाडेन-बाडेनला होतं आणि शिक्षण खातं रेमों श्मितलँ ह्यांच्या हाती. ह्याच अमलात माइन्ट्सचं विद्यापीठ मे १९४६ मध्ये पुन्हा सुरू झालं, तेही विमानविरोधी तोफखान्याच्या जुन्या बराकीत. ह्या अमलाची कागदपत्रं आधी कोल्मारला होती, आता पॅरिसच्या उत्तरेला ला कुर्नवच्या राजनैतिक अभिलेखागारात आहेत. पुठ्ठ्याचा खोका टेबलावर येतो, आत फितीने बांधलेल्या फायली. कागद इतका पातळ की मागच्या पानावरची टाइप केलेली अक्षरं पुढे दिसतात. शाईचं पेन चालत नाही, पेन्सिल घ्यायची. फोटो काढू देतात, फ्लॅश नको.

तिथे एखाद्या हिवाळ्यातले शाळा उघडल्याचे फ्रेंच अहवाल वाचले की सगळं कसं सुरळीत वाटतं. मग त्या भागातल्या ऱ्हाइनलँड-फाल्ट्स राज्याच्या कागदांसाठी कोब्लेन्ट्सला जायचं आणि त्याच हिवाळ्यातली जर्मन पत्रं काढायची: खिडक्यांना काचा नाहीत, कोळसा नाही, नाझी पक्षाशी संबंध म्हणून शिक्षक घरी बसवलेत, चाळीस मुलांत पुस्तक एखादं. दोन्ही बाजूंनी खोटं कोणीच लिहिलेलं नाही. एकाच देशात बसून पीएचडी केली असती तर ह्यातला एकच गठ्ठा माझ्या वाट्याला आला असता, आणि मी त्यालाच इतिहास समजले असते. माझ्या मते ह्या पीएचडीची खरी किंमत इथे आहे. फ्रान्स-जर्मनी मैत्रीचा एलिझे करार, २२ जानेवारी १९६३, फ्रेंच अध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर, ह्यावर भाषणं खूप होतात. त्याच्या आधीची अठरा वर्षं जास्त रंजक आहेत.

डोकेदुखी कागदांची. दोन विद्यापीठांचा करार सह्या होऊन यायला महिने लागले. फी कुठे भरायची, प्रबंध कुठल्या भाषेत, परीक्षक किती, प्रत्येक ओळीवर दोन्हीकडची ऑफिसं अडून बसली. फ्रेंच राहण्याच्या परवान्यावर जर्मनीत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. त्याहून जास्त हवं तर संशोधकांसाठी जर्मन बाजूला आधी कळवण्याची प्रक्रिया आहे, तिच्यात ३६० पैकी १८० दिवस मिळतात. ही माहिती मला एका सिनिअरने दिली, ऑफिसने नाही. शिवाय जर्मन बाजूला प्रबंध छापल्याशिवाय नावामागे डॉक्टर लावता येत नाही, तो खर्च आत्तापासून डोक्यात ठेवा.

गाइडांचं म्हणाल तर फ्रेंच बाईंना प्रकरणांची बांधणी आधी हवी, जर्मन सरांना तळटीपा. मी दोघांनाही तेच पान पाठवते आणि दोन वेगळ्या दुरुस्त्या घेते. चिडचिड होते, पण पान सुधारतं.

भाषेचं स्पष्ट सांगते: बी-टू ह्या मधल्या पातळीवर हे जमणार नाही. दोन्ही भाषांत त्याच्या वरची सी-वन पाहिजे, आणि फायलींच्या मार्जिनमधलं जुनं जर्मन हस्ताक्षर वेगळं शिकावं लागतं. बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन किंवा आलियाँसमध्ये फ्रेंच अशी एकच भाषा केली असेल तर दुसरी आधी पुरी करा, घाई नको.

पगाराच्या करारासाठी फ्रेंच विद्यापीठांतल्या डॉक्टरल स्कूलच्या (पीएचडी विभागांच्या) स्पर्धा बहुतेक ठिकाणी मे-जूनमध्ये होतात आणि करार सप्टेंबर-ऑक्टोबरपासून. म्हणून आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास विषयाचं दोन पानी टिपण तयार ठेवा, आधी फ्रेंच गाइडला लिहा, आणि जर्मन प्राध्यापकांना मेल त्या फ्रेंच गाइडलाच लिहायला सांगा. तुमच्यापेक्षा गाइडच्या मेलला उत्तर लवकर येतं.