ग्रूट कॉन्स्टान्शिया, केप टाऊन : कडवंचीच्या द्राक्षवालीनं बघितलेली बाग

लेक केप टाऊनला नोकरीला आहे. ऑगस्टात आमच्या बागेला जरा उसंत असते, म्हणून आम्ही दोघं तिच्याकडं गेलो. मी तिला म्हणलं, समुद्र नंतर, आधी द्राक्षं दाखव.

दक्षिण आफ्रिकेत वाइन करणारी सगळ्यांत जुनी बाग ती हीच. १६८५ साली सायमन व्हान डर स्टेल या डच अधिकाऱ्यानं घातलेली. ऑगस्ट म्हणजे तिकडचा हिवाळा, त्यामुळं वेली बोडक्या. घड बघायचे असतील तर फेब्रुवारी-मार्चात जा. पण बागायतदारानं हिवाळ्यातच जावं, लाकूड उघडं दिसतं. आमच्याकडं वेल झोपतच नाही. एप्रिलात नवी काडी वाढावी म्हणून खरड छाटणी, ऑक्टोबरात घडांसाठी फळछाटणी. तिथं थंडीनं पान गळतं आणि वर्षाला एकच छाटणी. मांडव नाही, तारेवर बांधलेली बुटकी वेल. माणसं दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, राखून काड्या कापत होती. मी अर्धा तास तिथंच उभी. ह्यांनी दोनदा हाक मारली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड केपमध्ये आली आणि बागा वाळल्या. त्यावर उपाय सापडला तो अमेरिकन वेलीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, कलम करायचा. आपण डॉगरिज या अमेरिकन खुंटावरच कलम करतो ते खारं पाणी आणि पाण्याची ओढ सोसावी म्हणून. दुखणं वेगळं, औषध एकाच घरचं.

जुना वाडा १९२५ च्या आगीत जळाला होता, तो पुन्हा उभा केलाय. आत भांडी, लाकडी सामान छान आहे, पण तिथली गुलामांची माहिती वाचल्याशिवाय बाहेर पडू नका. या बागा गुलामांनी कसल्या. त्या काळी केपला बंगाल, मलबारकडूनही माणसं विकून आणत. आपल्याच मुलखातली लेकरं ती. मला पुढं लवकर चालवेना.

तळघराची फेरी आणि वाइनची चव एकाच तिकिटात होते. मी माळकरी, घोट घेतला नाही, लेकीनं घेतला. ग्रँड कॉन्स्टन्स ही तिथली गोड वाइन, मस्कतची द्राक्षं सुकत आणून केलेली. नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत असताना कॉन्स्टान्शियाचीच वाइन प्यायचा. मी नुसता ग्लास नाकाशी धरला. बेदाण्याची शेड उघडल्यावर पहिल्यांदा येतो ना, तोच वास.

अर्धा दिवस हाताशी ठेवा, स्वेटर न्या. पाऊस हिवाळ्यातच पडतो तिकडं.

निघताना ओळीत पडलेली एक काडी उचलली, डोळे मोजले, कापाची हिरवाई बघितली. दुसऱ्या देशातली काडी घरी आणायची नसते, म्हणून होती तिथंच परत ठेवली.