परळचे टाटा स्मारक रुग्णालय: एका गोवेकर कुटुंबाचा अनुभव
आईच्या जिभेच्या कर्करोगावरील उपचारांसाठी आम्ही मडगावहून कोकणकन्या पकडून परळला गेलो. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात एकच शल्यचिकित्सक सर्व अवयवांना हात घालत नाही. डोके व मान, स्तन, छाती, पचनसंस्था, हाडे यांसाठी स्वतंत्र पथके असून रेडिएशन व केमोथेरपीचे तज्ज्ञ त्यांच्यासोबत बसून उपचार ठरवतात. याचे मोल आम्हांला प्रत्यक्ष कळले. एका पथकाने अर्धी जीभ व मानेतील लसिकाग्रंथी काढल्या आणि प्लास्टिक सर्जरीच्या पथकाने मनगटाजवळची कातडी रक्तवाहिन्यांसह उचलून, सूक्ष्मदर्शकाखाली अतिशय बारीक टाक्यांनी त्या वाहिन्या मानेतील वाहिन्यांशी जोडून जिभेचा काढलेला भाग नव्याने घडवला. रात्रभर परिचारिका टॉर्च लावून त्या कातडीचा रंग पाहत होती. तो काळवंडला तर तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते, हे तिने मला शांतपणे समजावले. बाह्यरुग्ण विभागातील गर्दी मात्र अफाट आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी डबा आणि धीर दोन्ही सोबत ठेवावेत. बोलण्याचा व गिळण्याचा सराव करून घेणाऱ्या थेरपिस्टचे ऋण मी विसरू शकत नाही, कारण त्यांच्यामुळेच आई अडखळत का होईना, पण स्पष्ट म्हणाली, “बाबू, तू जेवलास?”