वीसचा हिशेब: पॉपर बर्न डेक आठ महिने खेळल्यावर

आठ महिने झाले, मॅजिक या पत्त्यांच्या खेळात मी एकच डेक (पत्त्यांची जुडी) खेळते आहे. फॉरमॅट पॉपर, डेक लाल बर्न. मध्ये दोनदा कंटाळून दुसरं काहीतरी बांधलं आणि आठवड्याभरात मुकाट परत आले. पहिल्या महिन्यात याचं जे कौतुक मी चारचौघांत केलं होतं ते निम्मं चुकीचं होतं, आणि ज्या तक्रारी केल्या त्याही. म्हणून आता निवांत लिहिते.

मॅजिक: द गॅदरिंग न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा खेळ १९९३ साली आला. प्रत्येकाला २० लाइफ, डेकमध्ये किमान ६० पत्ते, साधे लँड (माना देणारे जमिनीचे पत्ते; माना म्हणजे इतर पत्ते टाकायला मोजायची किंमत) सोडले तर एका नावाचे जास्तीत जास्त चार. शिवाय १५ पत्त्यांचा साइडबोर्ड, जो पहिल्या डावानंतर अदलाबदलीला वापरायचा. तीनांतले दोन डाव जिंकले की मॅच. पॉपरमध्ये कधीतरी, कुठल्यातरी संचात ‘कॉमन’ (सर्वात सहज मिळणारे) म्हणून निघालेले पत्तेच चालतात. २०१९ पासून त्याला अधिकृत फॉरमॅटचा दर्जा आहे. बर्न म्हणजे समोरच्याचं सैन्य, योजना, जमवाजमव यांच्या भानगडीत न पडता थेट त्याच्या लाइफवर आग ओतणारा डेक.

हा डेक घेतलात की पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, ‘बर्न काय, डोकं बाजूला ठेवून खेळायचं.’ मीही तेच समजून घेतला होता.

आता हिशेब बघा. लाइटनिंग बोल्ट एका लाल मानात ३ डॅमेज देतो. तसे सात पत्ते लागले की २१, समोरचा संपला. पहिली चाल माझी असेल तर चौथ्या टर्नपर्यंत मी दहा पत्ते बघितलेले असतात, सुरुवातीचे सात आणि ओढलेले तीन. डेकमध्ये १८ माउंटन (लाल माना देणारे साधे लँड) असतील तर त्या दहांत सरासरी तीन माउंटन आणि सात आगीचे पत्ते. माना मिळतो १, २, ३ आणि पुन्हा ३, म्हणजे नऊ. कागदावर चौथ्या टर्नला खेळ खलास. पण यात सुटं काहीच उरत नाही, हे मला फार उशिरा दिसलं. दहाच्या दहा पत्ते कामाला लागले तरच बेरीज २१ होते. एक पत्ता वाया गेला की समोरच्याला एक अख्खा टर्न मिळतो. इतर डेकमध्ये चूक झाली तर नंतर भरून काढायला जागा असते. इथे प्रत्येक चुकीची किंमत तीन, आणि ती लगेच वसूल होते.

माझी यादी आज अशी आहे: लाइटनिंग बोल्ट, चेन लाइटनिंग, लाव्हा स्पाइक, रिफ्ट बोल्ट, स्क्युअर द क्रिटिक्स, फायरब्लास्ट, सिअरिंग ब्लेझ, नीडल ड्रॉप, थर्मो-अल्केमिस्ट आणि केल्डन मरॉडर्स हे प्रत्येकी चार, दोन लाव्हा डार्ट, १८ माउंटन. सुरुवातीला माउंटन १६ होते. एका मानाचे पत्ते, मग लँड कशाला जास्त, असा शहाणपणा. मग एका संध्याकाळी सलग तीन डावांत एका माउंटनवर बसून राहिले आणि घरी येऊन गणित मांडलं. १६ लँड असतील तर पहिल्या सातांत एक किंवा शून्य लँड येण्याची शक्यता ३९ टक्के निघते. १८ ला ती ३१, २० ला २५. वीसवरही खेळून पाहिलं, पण मग शेवटी बोल्ट हवा तेव्हा माउंटन येतो आणि समोरचा २ लाइफवर बसून हसतो. १८ वर थांबले.

मुलिगनबद्दलही इथेच. हल्लीच्या नियमात हात बदलला तर पुन्हा सात ओढायचे आणि एक पत्ता डेकच्या तळाशी घालायचा. बाकी डेकवाल्यांना हे सोयीचं आहे. आमच्याकडे तळाशी गेलेला एक पत्ता म्हणजे ३ डॅमेज गेलं, त्यामुळे मी वाईट हात धरून ठेवायचे. माझ्या वहीत हरलेल्या डावांपुढे ‘एक लँड, तरी ठेवला’ हे इतक्या वेळा आलंय की पुढे पुढे नुसतं ‘ए.लँ.’ लिहायला लागले. आता नियम केलाय: पहिली चाल माझी असेल तर एका लँडवर ठेवायचं नाही, मग हातात सहा बोल्ट का असेनात. दुसरी चाल असेल तर क्वचित.

थर्मो-अल्केमिस्ट हा या डेकमधला माझा सर्वात लाडका पत्ता, आणि सर्वात जास्त चुका मी त्याच्यावरच केल्या. दोन मानाचं क्रीचर (टेबलावर राहून लढणारा पत्ता), ताकद शून्य, टफनेस म्हणजे सहनशक्ती तीन. आडवा केला (म्हणजे वापरला) की समोरच्याला १ डॅमेज, आणि इन्स्टंट किंवा सॉर्सरी (बोल्टसारखे एकदा टाकून संपणारे पत्ते) टाकली की तो पुन्हा सरळ होतो. उतरवला त्या टर्नला तो वापरता येत नाही. समजा दुसऱ्या टर्नला उतरवला आणि तिसऱ्या टर्नला तीन माउंटन, हातात तीन बोल्ट. आधी त्याला आडवा करायचा, १. मग बोल्ट, पत्ता टाकताक्षणी, तो लागायच्याही आधी, अल्केमिस्ट सरळ होतो. पुन्हा आडवा, १. असं तीनदा. बोल्टचे नऊ आणि त्याचे चार, एका टर्नमध्ये तेरा! आता यात बोल्ट आधी टाकला आणि अल्केमिस्ट उभाच होता, तर ते सरळ होणं फुकट गेलं, एक कमी. एक म्हणजे काय मोठं, असं वाटतं. माझे कितीतरी डाव समोरचा १ लाइफवर असताना हरले आहेत.

अजून एक गंमत. तो उभा असताना समोरच्या क्रीचरला अडवायचं, आणि अडवून झाल्यावर आडवा करून डॅमेजही काढायचं. अडवणं त्यामुळे सुटत नाही. हे मला समोर बसलेल्या एका मुलाने शिकवलं, माझ्याविरुद्ध खेळताना, मला हरवता हरवता.

रिफ्ट बोल्टचा किस्सा सांगायलाच हवा. हा पत्ता पूर्ण किमतीत तीन मानाचा आहे, पण एका मानात ‘सस्पेंड’ करून बाजूला ठेवता येतो आणि पुढच्या टर्नच्या सुरुवातीला फुकट लागतो. पहिल्या टर्नला ठेवा, दुसऱ्या टर्नच्या अपकीपला (नवा पत्ता ओढण्याआधी) तो ३ देतो, आणि समोरच्याने त्या टर्नमध्ये लाइफ गमावलेलं असल्यामुळे स्क्युअर द क्रिटिक्स तीनऐवजी एका मानात टाकता येतो. डेकमधली सर्वात देखणी जुळणी. आणि मी एका महत्त्वाच्या मॅचच्या तिसऱ्या डावात पत्ते सरळ केले, डेकमधून पत्ता ओढला, आणि मग बाजूला ठेवलेल्या रिफ्ट बोल्टकडे माझं लक्ष गेलं. समोरच्याने अगदी शांतपणे सांगितलं, ‘तुम्ही ड्रॉ केलाय.’ चूक माझीच होती. डाव तीन लाइफने गेला. त्या दिवसापासून रिफ्ट बोल्ट ठेवला की टर्न मोजायचा त्याचा फासा पत्त्यावर न ठेवता डेकच्या वर ठेवते. पत्ता ओढायला हात गेला की आधी फासा लागतो.

सगळा आव आगीचा असला तरी खरा प्रश्न रोज एकच पडतो: बोल्ट तोंडावर (थेट समोरच्याच्या लाइफवर) की क्रीचरवर? नवीन असताना मी दिसेल ते क्रीचर मारायचे, कारण समोर टेबलावर काही उभं असलं की हात शिवशिवतात. मग कोणीतरी सांगितलं की बर्नने फक्त तोंडच बघावं, तर दोन महिने आंधळेपणाने तेही केलं. आता मी स्वतःला विचारते, हे क्रीचर माझे किती पत्ते खाणार? दोन ताकदीचं साधं क्रीचर चार वेळा मारेल, माझे आठ जातील. जाऊ देत, वीसमधले बारा उरतात आणि तोवर मी संपवलेलं असतं. पण लाइफलिंकवालं (जितकं डॅमेज देईल तितकं लाइफ मालकाला देणारं), तीन ताकदीचं असेल तर ते दर हल्ल्याला माझा एक अख्खा बोल्ट पुसतं. ते पहिल्यांदा मारायचं. आणि समोरही बर्न असेल तर त्याचा अल्केमिस्ट दिसल्या दिसल्या, काही विचार न करता.

सिअरिंग ब्लेझमुळे हा प्रश्नच कधीकधी सुटतो, कारण त्या टर्नमध्ये लँड उतरवला असेल तर तो क्रीचरलाही ३ आणि मालकालाही ३ देतो. त्यासाठी हातात एक माउंटन राखून ठेवायला शिकावं लागतं. समोर क्रीचरच नसेल तर मात्र पत्ता टाकताच येत नाही, आणि असे दोन हातात अडकले की फार चिडचिड होते.

फायरब्लास्टवर पहिल्या महिन्यात मी निव्वळ फिदा होते. किंमत सहा माना, पण त्याऐवजी दोन माउंटनचा बळी दिला तरी चालतं, आणि ४ डॅमेज. युक्ती अशी की बळी द्यायचे माउंटन आधी आडवे करून त्यांचा माना वापरून घ्यायचा. फक्त दोन माउंटनवर बोल्ट, बोल्ट, फायरब्लास्ट असे दहा निघतात. दहावर असलेल्या माणसाला वाटतं अजून दोन टर्न आहेत, आणि खेळ संपतो.

हेच दहा मला एकदा नडले. समोर हिरवा डेक, लाइफ बरोबर १०, दोन लँड उभे (न वापरलेले). मी बोल्ट टाकला, लागला. दुसरा टाकला, लागला. चारवर आला. फायरब्लास्ट टाकला, माउंटन बाजूला सारले. त्यावर त्याने वेदर द स्टॉर्म काढला. ३ लाइफ देणारा पत्ता, पण त्या टर्नमध्ये आधी जितके स्पेल पडले तितक्या त्याच्या प्रती होतात, आणि त्यात माझेही धरतात. माझे तीन, म्हणजे मूळ पत्ता आणि तीन प्रती, एकूण १२ लाइफ. चारचे सोळा, त्यातून फायरब्लास्टचे चार वजा. दहावर असलेला माणूस माझे तीन पत्ते आणि दोन माउंटन संपवून बारावर गेला. त्यानंतर हिरवे दोन लँड उभे दिसले की मी टर्नला एकच पत्ता टाकते, शक्यतो त्याच्या टर्नच्या शेवटी. जीव वर-खाली होतो, पण टाकते.

निळ्या डेकविरुद्ध फायरब्लास्ट काउंटर (रद्द) झाला तरी माउंटन परत येत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. हायड्रोब्लास्टवाले (लाल पत्ता रद्द करणारा निळा पत्ता) बरोबर याचीच वाट बघत बसलेले असतात.

साइडबोर्डमध्ये चार पायरोब्लास्ट, चार स्मॅश टू स्मिदरीन्स, तीन रेलिक ऑफ प्रोजेनिटस, दोन फ्लेअरिंग पेन, दोन इलेक्ट्रिकरी. यातला स्मॅश अप्रतिम: आर्टिफॅक्ट (यंत्रं-वस्तूंचे पत्ते) फोडतो आणि वर ३ डॅमेजही देतो, म्हणजे हिशेबातून काही कमी होत नाही. बाकीचे सगळे पत्ते हिशेब बिघडवतात. सुरुवातीला मी दुसऱ्या डावाला आठ-आठ पत्ते बदलायचे आणि मग डेक ना बर्न राहायचा ना दुसरं काही. आता चारच्या वर जात नाही. पायरोब्लास्टची एक छुपी सोय सांगते. तो निळे पत्ते मारण्यासाठी आहे, पण निळ्या नसलेल्या पत्त्यावरही रोखता येतो, फक्त काही होत नाही. त्यामुळे शेवटच्या १ लाइफसाठी मी एकदा स्वतःच्याच माउंटनवर पायरोब्लास्ट टाकला, अल्केमिस्ट सरळ झाला, आडवा केला, डाव जिंकला. समोरच्याने पत्ता उचलून दोनदा वाचला.

तक्रारी आहेतच. पहिला डाव हा डेक मस्त जिंकतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या डावात समोरच्याच्या साइडबोर्डमधून लाइफ देणारे आणि लाल अडवणारे पत्ते येतात आणि ते आपल्याकडच्या पत्त्यांपेक्षा सरस असतात. हात रिकामा झाला की वरच्या पत्त्याकडे डोळे लावून बसण्याशिवाय काही उरत नाही. नीडल ड्रॉप एक पत्ता ओढू देतो म्हणून थोडी मदत करतो, थोडीच. राउंड पन्नास मिनिटांचा आणि माझी मॅच विसाव्या मिनिटाला संपलेली, त्यामुळे इतरांचे खेळ बघत उभं राहावं लागतं. (त्यातून मी जितकं शिकले तितकं खेळून शिकले नसेन, पण पाय दुखतात.) स्लीव्ह (पत्त्यांची प्लॅस्टिकची पाकिटं) मात्र साइडबोर्डसकट पूर्ण ७५ एकदम बदलाव्यात. मी एकदा फाटल्या तेवढ्याच बदलल्या आणि नव्या-जुन्यांचा फरक पाठीमागून दिसायला लागला. स्पर्धेत ते खुणेचे पत्ते ठरतात.

कोणी घ्यावा? ज्यांना लांबलचक डाव, पत्त्यांवर पत्ते ओढणं, समोरच्याला हळूहळू आवळणं आवडतं त्यांनी घेऊ नये, पंधरा दिवसांत विटतील. नवीन खेळाडूंना मी अजूनही हाच सुचवते, पण ‘सोपा आहे’ म्हणून नाही. हरल्यावर नेमकं कुठे चुकलं ते या डेकमध्ये बोट ठेवून दाखवता येतं, म्हणून.

सध्या ५८ पत्ते पक्के आहेत. दोन लाव्हा डार्टची जागा अजून हलती आहे. एक डॅमेज देतात, मग माउंटनचा बळी देऊन पुन्हा एक, आणि दोन्ही वेळा अल्केमिस्ट सरळ होतो. अल्केमिस्ट टेबलावर असेल तर सोनं, नसेल तर अगदीच किरकोळ पत्ता. गेल्या आठवड्यात काढून टाकले होते. काल परत घातले.