तासायच्या कुऱ्हाडीला दांडा: धावडा की बाभूळ?

तासायच्या कुऱ्हाडीला, म्हणजे ओंडका तासून सपाट करायची ती, नवीन दांडा करायचा म्हटलं की आमच्याकडे दोनच लाकडांची नावं निघतात, धावडा नाहीतर बाभूळ. मी आधी चार वर्षं धावडा वापरला आणि आता सहा वर्षं बाभूळ चालूये, म्हणून सांगतो.

धावड्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. बैलगाडीचा आस त्याचा करायचे ते काय उगाच नाही. घाव घातला की दांडा जरासा लवतो आणि झटका मनगटापर्यंत येत नाही, बाभळीत ही मजा तेवढी नाही. नुसती जळणाची लाकडं फोडायची असतील आणि चांगला धावडा मिळत असेल तर सरळ तोच घ्या, पुढचं वाचू पण नका.

माझं डोकं फिरलं ते ढिल्या पात्यामुळे. दरवर्षी एप्रिल लागला की पातं खुळखुळायला सुरुवात. मग सगळे करतात तेच, रात्री कुऱ्हाड बादलीत बुडवून ठेवायची, सकाळी एकदम गच्च. पण लाकूड फुगतं तेव्हा बाजूने लोखंड असतं ना, फुगून जाणार कुठं, आतल्या आत चेपतं आणि दोन दिवसांनी वाळलं की आधीपेक्षाही बारीक. म्हणजे जितकं भिजवाल तितकं जास्त ढिलं. फोडताना एकवेळ चालवून घेता येतं पण तासताना गेरूची रेघ धरून चालायचं असतं, एकदा तुळईच्या ओंडक्यावर पातं हललं आणि रेघ सोडून चांगलं अर्धा इंच आत शिरलं, भरून काढायला काही उपाय नाही.

आता खरं सांगायचं तर तो धावडा मी जेमतेम चार महिने वाळवला होता. दोन्ही टोकांना शेण लिंपून वर्षभर सावलीत ठेवला असता तर कदाचित बसला असता, घाईने उन्हात टाकला तर तडकतो हे वेगळंच. तेव्हा चूक अर्धी माझी धरा.

बाभळीला खोड एकच, किडा. वरचं पांढरं लाकूड ठेवलंत तर दोन पावसाळ्यांत दांड्याखाली पिठासारखा भुसा दिसायला लागतो, त्यामुळे लालसर गाभाच घ्यायचा, पांढरं सगळं तासून टाकायचं. अंगठ्याएवढ्या गाठीपण नकोत. पण हिचा खरा फायदा म्हणजे हे झाडच वाकडं. तासायच्या कुऱ्हाडीचा दांडा ओंडक्यापासून जरा बाहेर झुकलेला लागतो, नाहीतर बोटांची सालटी निघतात, आणि बांधावरच्या बाभळीत तसा बाक असलेली फांदी शोधली की मिळतेच. सरळ फळीतून बाक कापून काढलेला दांडा नको, लाकडाच्या रेषा मधेच तुटतात आणि नेमका तिथंच मोडतो.

बसवताना मी नेढ्याला, म्हणजे पात्यातल्या दांडा बसायच्या भोकाला, आतून रॉकेलच्या चिमणीची काजळी लावतो, दांडा हलका ठोकून बाहेर काढतो, जिथं काळं उमटलं तिथंच कानस मारायची, असं सात-आठ वेळा. कंटाळवाणं आहे पण शॉर्टकट नाही. शेवटी पातं खाली लोंबतं ठेवून दांड्याच्या बुडावर लाकडी हातोड्याने ठोकायचं, पातं आपोआप वर चढत जातं, पहिल्यांदा बघताना उलटंच वाटतं. मग वाळलेल्या लाकडाची पाचर. लोखंडी पाचर मी टाळतो, काहीजण मारतात, त्यांचं चांगलं चालतं म्हणे. मूठ काचेच्या तुकड्याने खरवडली की पॉलिशपेपरपेक्षा छान होते, वर जवसाचं तेल.

या बाभळीच्या दांड्याला सहा उन्हाळ्यांत पाचर फक्त एकदा ठोकावी लागली. धावड्याचा जुना दांडा अजून आहे, कुदळीला घातलाय, तिथं मस्त चालतोय.