सोळा जणांची खिचडी: 'आर यू द वन?' सीझन 8

डेटिंग शोमध्ये बायसेक्शुअल (थोडक्यात 'बाय', म्हणजे स्त्री-पुरुष दोघेही आवडणारी) बाई आली की ती बहुतेक वेळा धक्का द्यायलाच आणलेली असते. एमटीव्हीच्या 'अ शॉट अ‍ॅट लव्ह विथ टिला टकीला'नं (2007) तर नायिका टिलाचं बाय असणं हुकमाच्या पत्त्यासारखं झाकून ठेवलं होतं. तिच्यासाठी आलेले 16 पुरुष, 16 लेस्बियन (फक्त बायकाच आवडणाऱ्या) स्त्रिया, आणि दुसराही गट आहे हे कुणालाच आधी माहीत नाही. त्याच वाहिनीचा 'आर यू द वन?' 2019 च्या आठव्या सीझनमध्ये अगदी दुसऱ्या टोकाला गेला. इथे सोळाही जण असे की त्यांना कुणीही आवडू शकतं. मग कोण बाय आहे, यात सनसनाटी उरतच नाही.

खेळ जुनाच. निर्मात्यांनी आधीच ठरवलेल्या आठ जोड्या दहा आठवड्यांत ओळखायच्या. बक्षीस साडेसात लाख डॉलर, सगळ्यांत मिळून. ट्रुथ बूथमध्ये एका जोडीचा हो-नाही निकाल लागतो. मॅच-अप समारंभात जितक्या जोड्या बरोबर तितके दिवे लागतात, पण कुठल्या बरोबर ते कळत नाही.

खरी गंमत आकड्यांत आहे. आठ बायका आणि आठ पुरुष असते तर 40,320 शक्यता झाल्या असत्या. इथे कुणाचीही जोडी कुणाशीही जमू शकते, म्हणून 20,27,025, म्हणजे पन्नास पट! बूथमधल्या एका 'नाही'नं एरवी आठव्या हिश्श्याच्या शक्यता बाद झाल्या असत्या, इथे जेमतेम पंधराव्या. घरी वही घेऊन बसणार असाल तर 16 बाय 16 चा तक्ता आखा आणि कर्णाच्या वरचे 120 चौकोनच वापरा. खालचा अर्धा भाग तीच माहिती पुन्हा देतो. बरेच जण इथेच घोटाळा करतात: बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला मांडतात आणि मग बाई-बाई जोडीला तक्त्यात जागाच राहत नाही.

'लव्ह आयलंड' या दुसऱ्या डेटिंग शोची गोची नेमकी हीच. 2016 मध्ये ब्रिटनच्या सीझनमध्ये दोन मुलींची जोडी झाली खरी, पण मुलींनी मुलगे निवडायचे आणि मुलग्यांनी मुली, हा साचा तसाच राहिला.

आठव्या सीझनबद्दल माझी तक्रार एकच. प्रत्येकाला सगळेच आवडू शकले पाहिजेत, ही अट असल्यामुळे फक्त बायकाच आवडणाऱ्या बाईला इथे प्रवेश नाही. बाय बायकांना घर मिळालं, लेस्बियन दाराबाहेर.

त्यांच्यासाठी नेटफ्लिक्सचा 'द अल्टिमेटम: क्विअर लव्ह' (2023) बघा. पाच जोडपी, स्त्रिया आणि नॉनबायनरी (स्वतःला निव्वळ स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या) व्यक्ती. तीन आठवडे इतर जोडप्यांतल्या कुणाबरोबर चाचणी-लग्न, म्हणजे लग्न झाल्यासारखं एकत्र राहणं, मग तीन आठवडे मूळ जोडीदाराबरोबर. स्त्री-पुरुषांच्या पाच जोडप्यांत प्रत्येकाला चारच पर्याय असतात, इथे आठ. शिवाय तुमची जोडीदारीण तुमचीच प्रतिस्पर्धी होऊ शकते, कारण दोघींची नजर एकाच मुलीवर पडू शकते. स्त्री-पुरुषांच्या आवृत्तीत हा पेच येणारच नाही. म्हणून पहिले दोन-तीन भाग, निवड होईपर्यंतचे, सर्वांत चुरशीचे आहेत. सूत्रसंचालनाला मात्र पुरुषाशी लग्न झालेली जोआना गार्सिया स्विशर का, हे कोडं मला सुटलेलं नाही.