ऑटिझमसाठीची जनुकीय तपासणी: रिपोर्टला तीन तारे, समुपदेशक बाईंना पाच

मी सांगलीची. सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेय, त्यामुळे शेवटची ओळ वाचल्याशिवाय सही करत नाही. नातू साडेतीन वर्षांचा आहे. ऑटिझमचं निदान झालंय, स्पीच थेरपी आणि ओटी (रोजच्या कामांची सवय लावणारी ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे. मुलाने आणि सुनेने त्याची एक्झोम तपासणी, म्हणजे जनुकांतला प्रथिनं बनवणारा भाग वाचणारी तपासणी, करून घेतली. पैसे मी भरले, तेव्हा परीक्षण लिहायचा हक्कही माझाच. लॅबचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मला वाद नकोय.

आधी हे सांगते की आम्ही ही तपासणी का केली, कारण बरेच जण चुकीच्या अपेक्षेने जातात. पोराला औषध सापडेल म्हणून नाही केली. सुनेला दुसऱ्या मुलाचा विचार करायचा होता आणि त्यालाही ऑटिझम असण्याची शक्यता किती, हा आकडा तिला हवा होता. विकास-बालरोगतज्ज्ञांनी तिला सरळ सांगितलं होतं, "या रिपोर्टने थेरपी बदलेलच असं धरून चालू नका."

स्थानिक कलेक्शन सेंटरवर नातू, मुलगा आणि सून, तिघांचं रक्त घेतलं. याला ट्रायो म्हणतात. मुलाच्या जनुकातला बदल नवा आहे की आईबापांपैकी कुणाकडून आलाय, हे त्यातून कळतं. तिघांचे मिळून ४८ हजार. रक्त घेणारा मुलगा हुशार निघाला. त्याने नातवाला आधी रिकामी ट्यूब हातात खेळायला दिली, मग सुई काढली. त्याला माझ्याकडून वेगळा तारा.

संमतिपत्र मात्र घरी मागवून घ्या आणि निवांत वाचा. आमच्यात एक चौकट होती: ऑटिझमशी संबंध नसलेलं काही दिसलं, उदाहरणार्थ कर्करोगाचा धोका वाढवणारा बदल, तर कळवायचं का? मुलगा म्हणाला कळवा, सून म्हणाली नको. दोघांनी आपापल्या नावापुढे वेगवेगळी खूण केली. लॅबने तीही मान्य केली, हे मला आवडलं. नमुना संशोधनाला वापरायची परवानगी वेगळ्या पानावर आहे, ती दिली नाही तरी तपासणी होते.

रिपोर्ट सांगितलेल्या मुदतीच्या बराच नंतर आला. सगळा इंग्रजीत आणि डॉक्टरांनाच कळेल असा. निष्कर्ष: ठोस कारण सापडलं नाही. एका जनुकात "अर्थ अनिश्चित" असा एक बदल, तोही माझ्या मुलाकडून आलेला. जनुकाचं नाव इथे लिहीत नाही, लिहिलं की लोक गूगल करत बसतात.

आता रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या लॅबच्या समुपदेशक बाईंचं. व्हिडिओ कॉल होता आणि मी वही घेऊन बसले होते. मी पहिलाच प्रश्न टाकला, "जुळ्या भावंडांपासून २०१९च्या पाच देशांतल्या २० लाख मुलांच्या अभ्यासापर्यंत सगळे सांगतात की ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास. मग ४८ हजार भरून हाती काहीच कसं नाही?" बाई हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, हा वाटा बहुतेकांत शेकडो बारीकसारीक बदलांमध्ये विखुरलेला असतो. एकेकाचं वजन नगण्य. ही तपासणी त्यांची बेरीज करत नाही. एकाच जनुकात मोठा बिघाड असेल, तर तो शोधते." कॅनडातल्या २०१५च्या एका अभ्यासाचंही त्यांनी सांगितलं. ज्या मुलांची मायक्रोअ‍ॅरे (गुणसूत्रांचे गहाळ किंवा जादा तुकडे शोधणारी तपासणी) आणि एक्झोम अशी दोन्ही तपासणी झाली, त्यांच्यात मिळून जेमतेम १६ टक्क्यांना ठोस उत्तर मिळालं होतं. हा आकडा पैसे भरायच्या आधी सांगायला हवा होता, असं मी म्हटलं. त्यांनी ते मान्य केलं आणि लिहूनही घेतलं.

तो अनिश्चित बदल बापातही आहे आणि बाप ठणठणीत. म्हणजे त्याचं महत्त्व आणखी कमी होतं. तो माझ्याकडून आला की आमच्या ह्यांच्याकडून, या उत्सुकतेपोटी मी माझीही तपासणी करायला निघाले होते. बाई म्हणाल्या, "काही उपयोग नाही, पैसे ठेवा." समोरून चालत आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस बँकेतही मी क्वचितच पाहिलाय.

सुनेच्या प्रश्नाला आकडा मिळाला. एखादा नवा, आईबापांत नसलेला बदल कारण म्हणून सापडला असता, तर दुसऱ्या मुलाचा धोका साधारण टक्क्यावर आला असता. तसं सापडलं नाही, म्हणून सर्वसाधारण आकडा धरायचा. २०२४मध्ये दीड हजारांहून जास्त धाकट्या भावंडांवर झालेल्या अभ्यासात तो पाचात एक निघाला. सून बराच वेळ गप्प होती. मग तिने दबक्या आवाजात विचारलं, "गरोदरपणी मी तापात पॅरासिटामॉल घेतली होती..." सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदरपणातल्या त्या गोळीचा ऑटिझमशी संबंध जोडला, ते आमच्या घरच्या ग्रुपवर दोन नणंदांनी पाठवलं होतं, त्याचा हा परिणाम. बाईंनी स्वीडनचा २०२४चा अभ्यास सांगितला. जवळपास २५ लाख मुलं होती, आणि सख्ख्या भावंडांची आपसांत तुलना केल्यावर गोळीचा संबंध उरलाच नाही. मी तो ग्रुपवर टाकला. उत्तर म्हणून फक्त हात जोडलेला इमोजी आला. एके काळी ऑटिझमला "थंड आई", म्हणजे मुलाला माया न लावणारी आई, जबाबदार धरायचे, आता गोळी धरतात. खापर फोडायला आईच सापडते.

२०२५च्या जुलैत प्रिन्स्टनच्या लोकांनी पाच हजारांहून जास्त मुलांची माहिती तपासून ऑटिझमचे चार गट पाडले, ते मी वाचलं होतं. आमचा कुठला, असं विचारलं. "तो अजून संशोधनाचा भाग आहे, कुठल्या लॅबने रिपोर्टवर छापला तर संशय घ्या," असं उत्तर आलं.

आता तक्रारी. त्याच लॅबच्या विक्री विभागाचा फोन आला: आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी करा, सवलत देतो. जिवाणूंमुळे ऑटिझम होतो असं म्हणतात, पण ऑस्ट्रेलियातल्या २४७ मुलांच्या २०२१च्या अभ्यासात उलटंच दिसलं होतं. ऑटिझम असलेली मुलं मोजकंच खातात, म्हणून जिवाणूंची विविधता कमी होते. आमचा नातू मऊ भात, दही आणि एकाच कंपनीच्या बिस्किटावर जगतो, त्याचे जिवाणू काय वेगळं सांगणार? समुपदेशक एका टोकाला आणि विक्रीवाले दुसऱ्या, हे एकाच छताखाली कसं चालतं ते त्यांनाच ठाऊक.

आणि माझा नंबर कुठून फुटला कोण जाणे, पण त्याच सुमारास स्टेम सेलवाल्या एका क्लिनिकचाही फोन आला. कमरेच्या हाडातून मगज काढून पाठीच्या मणक्यात सोडायचं, पॅकेज लाखांत. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने १८० मुलांच्या चाचणीत नाळेच्या रक्ताच्या पेशी देऊन पाहिल्या. २०२०मध्ये निकाल आला, मुख्य कसोटीवर फरक नाही. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानेही डिसेंबर २०२२मध्ये ऑटिझमवर हा उपचार करू नये असं म्हटलंय. हे सगळं मी क्लिनिकच्या त्या फोनवाल्या मुलाला ऐकवलं. "मॅडम, एकदा डॉक्टरांशी बोलून तर घ्या," म्हणाला. मी फोन ठेवला.

घरी खरा उपयोग होतोय तो सुनेच्या व्हिडिओंचा. ती नातवाबरोबर खेळतानाची पाच-दहा मिनिटं रेकॉर्ड करते, थेरपिस्ट ते तिच्याबरोबर बसून बघते आणि दाखवते, इथे तो तुझ्याकडे वळला, इथे तू घाई केलीस. याच पद्धतीवर गोव्यात आणि रावळपिंडीत ६५ मुलांचा अभ्यास झाला, २०१६मध्ये छापून आला. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. आईबापांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद सुधारला आणि मुलंही आपणहून जास्त संवाद करायला लागली. रिपोर्ट काहीही आला असता, तरी हे चालूच ठेवायचं होतं.

तर तपासणी करावी का? मुलाला फिट्स येत असतील, वाढ खूप मागे असेल, त्वचेवर पांढरे चट्टे असतील, किंवा आमच्यासारखा दुसऱ्या मुलाचा प्रश्न असेल, तर करा. ट्युबरस स्क्लेरोसिससारखं (अवयवांत गाठी करणारा जनुकीय आजार) काही निघालं, तर मूत्रपिंड, मेंदू यांच्यावर लक्ष ठेवता येतं, औषधंही आहेत. नुसतं "का झालं" एवढ्यासाठी कर्ज काढून करू नका. फ्रजाईल एक्स (एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकातल्या बिघाडाचा आजार, त्यातही ऑटिझम दिसतो) एक्झोममध्ये कळत नाही, त्याची तपासणी वेगळी आणि बरीच स्वस्त असते. ती आधी करून घ्या, आमच्या डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं.

शेवटी एक कलम तपासा: जुनाच डेटा नव्या ज्ञानाच्या आधारे पुन्हा तपासून देतात का. आमच्या करारात दोन वर्षांनी एकदा मोफत आहे, पण ते मागावं लागतं. लॅब स्वतःहून फोन करत नाही, तो फक्त जिवाणूंसाठी करते.